राखणदाराची बाटली

"काल येवचा होता, सायबानू. आज फकत भांडी आसत."

आवडीकाकी गावस चुलीपुढून उठली सुद्धा नाही. एप्रिलची दुपार होती, काजूच्या बागेतून दोन मैल चालून आम्ही घामाघूम झालो होतो आणि ही बाई तांब्याचं मोठं भांडं राखेनं घासत बसली होती. भट्टी थंडगार होती. चर खणून त्यात बोंडू, म्हणजे काजूची फळं, तुडवायचे ती जागाही धुऊन स्वच्छ केलेली. दारू काढल्याचा वास मात्र सगळ्या परसात भरून राहिला होता, आणि वासाचा पंचनामा करता येत नाही.

"दारू कुठं ठेवलीय?" मी दरडावून विचारलं.

"संपली. च्या ठेवू?"

माझ्यामागे उभा असलेला जवान भिकाजी मोर्ये हसला असावा, कारण मी वळून बघितलं तेव्हा तो एकदम गंभीर झाला. भिकाजी याच भागातला. मी माणदेशातला, जिथं प्यायला पाणी नाही तिथं दारूची काय कथा. घरात माळकरी आई, स्वतः कधी थेंब चाखला नाही, पदवी रसायनशास्त्राची आणि तीही तिसऱ्या वर्गातली. असा मी दारूबंदी खात्यात दुय्यम निरीक्षक होऊन गोव्याच्या हद्दीवर येऊन पडलो होतो. इथली माणसं आमच्या खात्याला 'दारूवाले सायब' म्हणत. सुरुवातीला मला त्याचा राग येई, नंतर त्यात काही खोटं नाही हे पटलं.

आंबेखोल या गावाच्या शेवटाला पाच पावलांचा एक व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. व्हाळाच्या पलीकडे गोवा. तिकडे हीच भट्टी परवाना घेऊन उघड्यावर लागते, तिच्याभोवती पाहुणे खुर्च्या टाकून बसतात. अलीकडे आमचा कायदा, १९४९ सालचा, माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा. या कायद्यानं आपल्या झाडाचे बोंडू सडवले तर कुणी काही म्हणत नाही, आंबवले तर गुन्हा. झाडं मात्र एकाच जातीची आणि बाया एकमेकींच्या नणंदा-भावजया. मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी हा व्हाळ पाहिला नसावा असं मला तेव्हाही वाटायचं. पण वाटण्याचा पगार मिळत नाही. त्या महिन्यात माझ्या नावावर एकही केस नव्हती आणि साहेब रोज विचारत होते.

आम्ही घर धुंडाळलं. पडवी, माजघर, गवताची गंजी, काही नाही. परत निघताना बागेच्या कोपऱ्यात, किंदळाच्या झाडाखाली मला एक उभा पाषाण दिसला. त्याला शेंदूर नव्हता, डोळे नव्हते. पुढ्यात एक जास्वंदीचं फूल, एक न पेटवलेली विडी आणि बुचाची एक भरलेली बाटली होती.

मी बाटली उचलली. बूच काढून वास घेतला तर डोळ्यांतून पाणीच आलं.

"सायब, ती रवांदे," भिकाजी एकदम म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "ती राखणदाराची हा. तेका हात लावचो नाय."

"राखणदाराची असो की राक्षसाची. बाटलीत दारू आहे ना?"

"आसा. पण..."

आवडीकाकी तोवर मागून आली होती. पदराला हात पुसत ती थोडी लांबच उभी राहिली. साठीची बाई, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. पहिल्यांदाच तिच्या आवाजातली मजा गेली होती.

"ती माझीच," ती म्हणाली. "मीच ठेवलंय थय. दंड घाला, काय व्हयां ता करा, पण ती न्हेव नका. तेची हा ती."

मला तर हेच हवं होतं. आरोपीनं स्वतः कबूल केलं होतं. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. उघड्या जागेवर, झाडाखाली सापडलेली बाटली आरोपीच्या ताब्यातली ठरत नाही, कोर्टात पहिल्या फटक्यात केस उडते. म्हणून काकीच्याच पडवीत बसून, काकीनं दिलेला चहा पिऊन, मी पंचनाम्यात लिहिलं: 'आरोपीच्या राहत्या घराच्या पडवीत, विक्रीच्या उद्देशाने ठेवलेली दारू मिळून आली.' असं सगळेच लिहीत. लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, हे मला आजही आठवतं आणि त्याचीच लाज वाटते.

तिनं कागदावर अंगठा दिला. वाचून दाखवा म्हणाली नाही.

नमुना तपासणीला गेला, उरलेली बाटली लाखेची मोहर लावून माझ्या कपाटात ठेवली. अहवाल यायला नऊ महिने लागले. आला तो वाचून साहेब खुर्चीतून उठलेच. साध्या दारूचा अहवाल नव्हताच तो. 'घातक द्रव्यांचे प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट. मानवी सेवनास अयोग्य, विषारी.'

"खराडे, केस लागली तुमची," साहेब म्हणाले. "ही घरगुती दारू काढू द्या म्हणून बोंबलणारे आहेत ना, त्यांच्या तोंडावर मारू हा कागद."

कोर्टात आवडीकाकीनं पहिल्याच तारखेला सांगून टाकलं, दारू काढलंय तर काढलंय म्हणतलंय. दंड भरून ती घरी गेली. मुद्देमाल नष्ट करावा असा हुकूम झाला. माझ्या लेखी विषय संपला होता. पण अहवालातली ओळ कुणीतरी तालुक्याच्या वर्तमानपत्राला दिली, आणि बातमी आली: 'आंबेखोलात विषारी दारूची भट्टी.'

दीड महिन्यानं, पुन्हा काजूच्या हंगामात, ती माझ्या कचेरीत आली. काखेत पिशवी होती. समोरच्या बाकावर बसली, पिशवीतून एक बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

भर कचेरीत, भिंतीवर कायद्याच्या कलमांचा तक्ता, आणि त्याच्याखाली आवडीकाकीची दारू. भिकाजीनं आधी धावत जाऊन दार लावलं.

"ही परवाचीच हा," ती म्हणाली. "ह्या वर्साक येकदाच भट्टी लायलंय, फकत ह्याच्यासाठी. परत धाडा तपासूक."

"काकी, तुम्हाला कळतंय का, मी ही बाटली हातात घेतली तर तुमच्यावर दुसरी केस होते."

"होवंदे. पण तपासून द्या." तिनं बाटली आणखी माझ्याकडे सरकवली. "माका कागद वाचूक येणा नाय. पोरान पेपर वाचून दाखवल्यान. इख म्हणजे नेमका काय गावला तुमका?"

मी अहवाल काढून वाचून दाखवला. ती अगदी लक्ष देऊन ऐकत होती. मग बोलायला लागली ती थांबेना. चाळीस वर्षं मी दारू काढतेय, एक माणूस माझ्या हातची पिऊन आजारी पडला असेल तर त्याला माझ्यासमोर उभा करा. बाळंतिणीच्या कंबरेला माझीच दारू चोळतात. पोरांची छाती भरली की चमचाभर गुळाबरोबर माझीच नेतात. नेतात नव्हे, नेत होते.

"आता माझ्या अंगणात कोण पाय ठेवणा नाय," ती म्हणाली. "भावजय व्हाळापलीकडसून येयत, ती येणा नाय. माका दंडाचा काय नाय. पण मी इख विकतंय म्हणतत. तेवढा येक पुसून द्या. बाकी तुमचो कायदो तुमच्याकडे."

मला तिची दया आली, पण त्याहून जास्त मी वैतागलो होतो. सरकारी अहवाल पुसून द्यायला मी कोण? वेळ काढायचा म्हणून मी विचारलं, "तुम्ही दारू काढता कशी ते तरी सांगा."

तिनं सांगितलं. बोंडूंचा रस चार दिवस मडक्यात ठेवायचा, फेस बसला की भांड्यात ओतायचा. आग अशी हवी की भात शिजला पाहिजे पण करपला नाही पाहिजे. वाफेच्या नळीवर थंड पाणी घालत राहायचं, तिथून उठायचं नाही, कुणी मेलं तरी उठायचं नाही.

"आणि पयली बाटली भरली काय ती बाजूक," ती सहज म्हणाली. "ती माणसाची न्हय."

"म्हणजे?"

"पयलो मान राखणदाराचो. माझ्या सासूयेन सांगितलेला. ती बाटली भावाक दिवची नाय, घोवाक दिवची नाय. तेच्यापुढे ठेवची आणि मिरगाच्या आधी तेच्या पायाकडे ओतची. तेचो मान माणसान खाल्लो तर तो कोपता. भोवळ येता, डोळ्यांपुढे काळोख येता."

माझा तिसरा वर्ग होता, पण एवढं रसायनशास्त्र माझ्या डोक्यात शिल्लक होतं. आंबवलेला रस तापवला की सगळ्यात आधी बाहेर येतात ती हलकी, झटकन उकळणारी द्रव्यं. डोळे जाळणारी, भोवळ आणणारी. बाकी सगळीकडे लोक 'पहिल्या धारेची' म्हणून तिच्यावर तुटून पडतात आणि ही बाई ती माणसाच्या तोंडाला लागू देत नव्हती. मी नेमकी तीच उचलली होती. आख्ख्या आंबेखोलात जी एक बाटली कुणी पिणार नव्हतं, ती मी 'विक्रीच्या उद्देशाने ठेवलेली' म्हणून तपासायला पाठवली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं संन्याशाच्या अंगावर चोराचे कपडे मीच चढवले होते.

मी अहवाल उलटा करून टेबलावर ठेवला. भिकाजी माझ्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं, आणि मला वाटतं थोडं त्या दिवशी झाडाखालीच कळलं होतं.

"काय झाला?" काकीनं विचारलं.

"काही नाही. बघतो मी," मी म्हणालो. "ही बाटली घेऊन जा. पिशवीत झाकून न्या."

मी काहीही बघणार नव्हतो. खरं सांगायचं तर पुढचे दहा दिवस मी ती गोष्ट विसरायचा कसून प्रयत्न केला.

विसरू दिलं नाही ते समितीनं. आपल्या बागेतल्या बोंडूंपासून घरापुरती, ठरावीक मापाची दारू काढायला परवानगी द्यावी का, कायदा जुना झाला का, हे तपासायला सरकारनं एक समिती नेमली होती. मे महिन्याच्या शेवटी ती तालुक्याच्या हायस्कुलात सुनावणीला आली. हॉल भरला होता. बागायतदार आले होते, भट्टीवाले आले होते आणि मागच्या भिंतीला टेकून दारूबंदीवाल्या बायका उभ्या होत्या. साहेबांनी मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. मांडीवर फाईल होती.

एक बागायतदार बोलला, दर हंगामात निम्मे बोंडू झाडाखाली कुजतात, पलीकडे त्याचंच सोनं होतं. टाळ्या पडल्या. मग प्रतिभा धुरी उठली. आंबेखोलच्या अंगणवाडीची बाई, पस्तिशीची, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.

"आवडीकाकीची दारू वायट म्हणून मी बोलणंय नाय," ती म्हणाली. "माझ्या घोवाक कोणी इख दिल्यान नाय. तो चांगलीच दारू पिलो. रोज पिलो. आणि मेलो. तुमी परवानगी दिलास तर बाटलेर शिक्को येतलो, इतक्याच. माझ्या पोरांक तो शिक्को वाचूक येता, म्हणून बापूस परत येवचो नाय."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मला तिचं म्हणणं पटलं आणि बागायतदाराचंही पटलं होतं. इतकी वर्षं झाली, अजून मला त्यांतलं एक निवडता आलेलं नाही.

अध्यक्ष जाडजूड, शांत गृहस्थ होते. त्यांनी आमच्या साहेबांनी दिलेला कागद वर धरला. "हा अहवाल बोलका आहे. अनुभवी बाई, चाळीस वर्षांचा हात, आणि घरच्या पडवीत विकायला ठेवलेली दारू विषारी निघते. मग नवशिके काय करतील? आवडी गावस आल्यात का?"

ती मधल्या रांगेत उभी राहिली. धुवट हिरवं लुगडं नेसून आली होती.

"ही बाटली तुमचीच?"

"होय. माझीच."

"तिच्यात विष निघालं. मान्य आहे?"

"कागदात आसा तर असात."

"हीच तुम्ही लोकांना देत होता?"

मी तिच्याकडे बघत होतो. आता सांगेल, मला वाटलं. एक वाक्य बोलायचं होतं: ती लोकांची नव्हती, राखणदाराची होती. तिचं नाव स्वच्छ झालं असतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली बघत राहिली. ती का बोलत नाही ते मला कळेना. हॉलमध्ये कुजबुज वाढली. कुणीतरी म्हणालं, बघा, गप्प बसली. प्रतिभा धुरीसुद्धा मान वळवून तिच्याकडे बघायला लागली.

मी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं, पाय उठले.

"साहेब, तो पंचनामा मी लिहिलाय," मी म्हणालो. "तो खोटा आहे. बाटली पडवीत नव्हती. बागेत, राखणदाराच्या पाषाणापुढे होती. ती पहिल्या धारेची होती. या बाई पहिली धार माणसांना देतच नाहीत, देवापुढे ठेवतात आणि ओतून टाकतात. जी दारू लोक पितात तिचा नमुना मी घेतलेलाच नाही."

आमच्या साहेबांनी माझी पँट मागून ओढली. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे लोकांना चांगली आणि देवाला विष?" ते म्हणाले.

हॉल हसला. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, सुटका झाल्यासारखं सगळे मोकळे हसले. बागायतदार तर टाळ्या देत होते. आवडीकाकी हसली नाही. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली आणि रांगेतल्या लोकांचे गुडघे चुकवत बाहेर निघून गेली.

तिथं मला कळलं ती का गप्प होती. कचेरीत अहवाल ऐकून घरी जाताना तिनं ते सगळं जुळवलं होतं. माझ्याइतकंच तिलाही कळलं होतं कुठली बाटली आणि कसलं विष, फक्त तिला रसायनशास्त्राची गरज पडली नव्हती. आणि आपण देवाला विष देत आलो हे चारचौघांत तोंडानं म्हणण्यापेक्षा तिनं स्वतःचं नाव जाऊ द्यायचं ठरवलं होतं. ते मी म्हणून टाकलं, तेही भरल्या हॉलसमोर.

साहेबांनी संध्याकाळपर्यंत मला फैलावर घेतलं. नोकरी जाणार, असंच त्यांचं म्हणणं होतं. मला त्याची भीती वाटत होतीच, पण डोळ्यांपुढून तिचं बघणं हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच आंबेखोलात गेलो.

ती किंदळाखाली बसली होती, पाषाणाकडे पाठ करून. त्याच्यापुढे या हंगामाची पहिली बाटली होती, तशीच भरलेली.

"काकी, मला माफ करा."

"तुमी माका माणसात वर काढलास," ती म्हणाली, "आणि तेच्यापुढे खाली घातलास." थोड्या वेळानं म्हणाली, "सकाळी भावजय इली व्हाळ उतरान. रडली. शेजारीण चमचाभर दारू मागूक इली, नातवाची छाती भरलीसा. सगळा पयल्यासारख्या झाला. आणि मी हय पाठ करून बसलंय. तोंड कसा दाखवू तेका?"

मी खाली मातीत बसलो.

"खरा सांगा. तुमी शिकलेले. पयल्या बाटलेत ता आसताच काय?"

"असतं."

"सगळ्यांच्या? पलीकडच्यांच्या पण?"

"सगळ्यांच्या. पलीकडचे शहाणे असतील तर ओतून देतात."

"मी चाळीस वरसा तेका इख पाजलंय. माझ्या सासूयेन पाजल्यान. तिच्या सासूयेन पाजल्यान." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता. "मान म्हणान."

काजूवर एक पाखरू ओरडत होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "तुमच्या सासूबाई कशा होत्या?"

"खाष्ट," ती लगेच म्हणाली. "पण वस्तू वाया घालवूची नाय. बोंडू येचताना येक रवलो तर मागे धाडी." मग ती थांबली. जमिनीवरचं एक सुकं पान हातात घेऊन त्याचे तुकडे करत राहिली. "ती माका पयली बाटली ओतून टाक म्हणाली असती, तर मी ओतलंय नसतंय. कष्टाची वस्तू ती. चोरून घोवाक दिलंय असतंय. कोणीय दिल्यान असती. तेच्या नावान ठेव म्हणाली, म्हणान हात लागलो नाय कोणाचो."

"म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"तिका काय म्हायत होता ता ती जाणा." तिनं पान टाकून दिलं आणि हळूहळू बसल्या जागी फिरली. आता ती पाषाणाकडे तोंड करून होती. "ह्येका म्हायत होता. वाटेर बसलेलो ह्यो. जा काय वायट येता ता पयला ह्यो घेता, आणि मगे उरला ता आमच्याकडे सोडता. म्हणान तर राखणदार म्हणतत तेका."

तिनं हात जोडले नाहीत. पुढे झुकून पाषाणावर पडलेली काटकी उचलून बाजूला टाकली, घरातल्या माणसाच्या अंगावरची टाकावी तशी. मग माझ्याकडे वळून अगदी व्यवहारी आवाजात म्हणाली, "गेल्या वर्साची तेका पोचाक नाय. तुमच्या कपाटात हा ना ती? मिरग चार-पाच दिसांर इलो."

मुद्देमाल नष्ट करायचा कोर्टाचा हुकूम माझ्या टेबलावर पडलेलाच होता. असा मुद्देमाल आम्ही कचेरीमागच्या गटारात ओतत असू. कुठे ओतावा हे हुकमात लिहिलेलं नव्हतं.

माझ्यावरच्या कारवाईचा कागद यायच्या दोन दिवस आधी भिकाजी आणि मी ती मोहोरबंद बाटली घेऊन पुन्हा ते दोन मैल चाललो. दोन पंच लागत होते. एक शेजारी मिळाला. दुसरं कुणी पुढे येईना, तेव्हा अंगणवाडी बंद करून प्रतिभा धुरी आली.

"दारू ओतूची असात तर मी कधीय सय करीन," ती म्हणाली. काकीकडे बघून ती हसली नाही, काकीही हसली नाही. पण काकीनं तिला उभं राहायला सावलीतली जागा दिली.

लाख फोडली. काकीनं पाषाणापुढे जास्वंद ठेवलं, विडी ठेवली. मी बाटली तिच्या हातात द्यायला गेलो तर ती मागे सरली.

"तुमी न्हेलास, तुमीच द्या."

आयुष्यात दारूला न शिवलेला मी त्या झाडाखाली उकिडवा बसलो आणि बाटली उपडी केली. तोच डोळे जाळणारा वास आला. कोरड्या मातीनं ते सगळं एका दमात पिऊन टाकलं. भिकाजीनं टोपी काढली होती. तेव्हा मला जे वाटलं ते मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या दगडाची मला माफी मागावीशी वाटली, आणि मनातल्या मनात मी ती मागितली.

पुढे माझी बदली झाली, दोन वेतनवाढी गेल्या, नोकरी राहिली. समितीनं काय अहवाल दिला ते मला कधी कळलं नाही. आवडीकाकी जाऊन दहा-बारा वर्षं झाली. भिकाजी सांगतो, तिची सून भट्टी लावते, कधी पकडली जाते, कधी सुटते.

पंचनामा मात्र त्या दिवशी मी पाषाणाशेजारी मांडी घालूनच लिहिला. तारीख, वेळ, मुद्देमालाचं वर्णन लिहून झालं. मग 'ठिकाण' हा रकाना आला आणि हात थांबला. आधीच्या कितीतरी कागदांवर तो कधीच थांबला नव्हता. मी काकीला विचारलं, ह्या जागेला तुम्ही काय म्हणता? तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं: 'किंदळाखाली, राखणदाराच्या पायाशी.' मग सगळा कागद तिला मोठ्यानं वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकत होती.

"बरोबर," ती म्हणाली, आणि कुणी न मागता तिनं अंगठा पुढे केला.